आणल्याची वेळ

निपाणी
८ मार्च १९३७

चि. परशरामास आक्काचे आशीर्वाद. आईला नमस्कार सांग, जयाला माया.

या खेपेला खुशाली लिहीत नाही, कारण ती नाही. गेल्या शुक्रवारी आमच्या दवाखान्याच्या ओसरीवर एक बाई मेली आणि मरताना मी तिच्याजवळ बसून होते. कुणाला तरी सांगितल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरणार नाही, म्हणून तुला लिहिते. आईला वाचून दाखवू नकोस.

तिचं नाव यल्लव्वा. वय वीस-बावीस. इथल्या एका तंबाखूच्या वखारीत पानं निवडायला जायची. आठवा महिना चालू होता. कामावर असतानाच तिला आकडी आली. शेजारी काम करणाऱ्या बाळाबाईनं आणि आणखी दोघींनी तिला हातगाड्यावर घालून आणलं. मी दारातच होते. भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. तोंडाला फेस, पाय भोपळ्यासारखे सुजलेले, अंगभर तंबाखूची धूळ.

ही आकडी म्हणजे बाहेरची बाधा नव्हे, परशा. गर्भारपणात काही बायकांच्या अंगात विष साठतं. आधी सूज येते, डोकं ठणकतं, नजर फिरते आणि मग झटके येतात. मिरजेला नर्सचं काम शिकत असताना अशा तिघी मी पाहिल्या. दोघी वाचल्या. अंधाऱ्या खोलीत शांत निजवायचं, झटका थांबवणारं इंजेक्शन द्यायचं, आणि डॉक्टरनं मूल सोडवायचं.

इंजेक्शन आमच्या कपाटात होतं. कपाटाला कुलूप आणि किल्ली कंपाउंडरच्या खिशात. डॉक्टरसाहेब वखारवाल्या शेठजींकडे बारशाच्या जेवणाला गेलेले.

मी किल्ली मागितली. तो म्हणाला, "डॉक्टरांच्या हुकमाशिवाय कपाट उघडत नसतं."

"मग निदान आत कॉटवर घेऊ या."

"आत घेतली आणि आतच मेली तर? जबाबदारी कुणाची? आणि अंग बघा तिचं. चादरी सगळ्या घाण होतील."

बाळाबाई शेठजींच्या घरी धावत गेली. दारातनं निरोप आला, पंगत बसलीय. तासाभरानं ती पुन्हा गेली. निरोप आला, विडा झाला की येतो. तोवर यल्लव्वाचा नवरा मष्णू शेतातनं पळत आला होता. तो माझ्या पायांवर डोकं घासत होता. माझ्या! ज्या बाईच्या हातात एक किल्ली नाही तिच्या पायांवर.

पाच झटके आले. तीन वाजायला वीस मिनिटं असताना ती गेली. तीन वाजून गेल्यावर डॉक्टर आले. त्यांनी तिच्याकडे बघायच्या आधी रजिस्टर मागितलं. 'आणल्याची वेळ' या रकान्यात मी बारा वाजून दहा मिनिटं लिहिली होती. म्हणाले, "खोडा. तीन लिहा. आणली तेव्हाच संपलेली होती असं लिहा." मी खोडलं नाही.

मला त्यांचा राग आहे, पण स्वतःचा कमी नाही. ओसरीच्या कोपऱ्यात जळणाची कुऱ्हाड होती. दोन घावांत ते कुलूप तुटलं असतं. मी तोडलं नाही. अडीच तास तिला कुशीवर धरून बसले आणि हुकूम पाळला. इंजेक्शन दिलं असतं तर ती वाचलीच असती असं मी म्हणत नाही. पण वाचवायचा प्रयत्न झाला, एवढं तरी मष्णूला सांगता आलं असतं.

दवाखान्याच्या पंचांकडे मी लेखी तक्रार दिली आहे. पुढं काय होतं ते कळवीन.

तुझी,
मनुआक्का


शहापूर
१५ मार्च १९३७

तीर्थरूप आक्कास परशरामचा नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. वाचून जीव हळहळला. आईला दाखवलं न्हाई. पण आक्का, धाकटा असून सांगतो म्हणून रागावू नकोस. तू तिथं एकटी बाईमाणूस. डॉक्टर काय, शेठजी काय, सगळी एकमेकांच्या पंगतीतली. त्यांच्याशी वैर धरून तुझं कसं निभणार? तुझी नोकरी गेली तर गल्लीत आम्हाला काय काय ऐकायला लागंल ते तुला म्हाईत हाय. तू मिरजेला गेलीस तवाच लोकांनी कमी बोललं न्हाई. मेलेली काय परत येत न्हाई. घड्याळ पुढं असंल, असं म्हण आणि सुटून जा.

इकडं सगळी बरी हाईत. माग चालू हाय. एका लग्नातल्या लुगड्याचा काठ विणतोय, लई नाजूक काम हाय.

जयाला परवा आठवा लागला. तू तिला बघशील तर ओळखणार न्हाईस. अंगानं अशी भरलीय की तोंड पुनवेच्या चांदासारखं गोल झालंय. आई लई खुशीत हाय. म्हणते, असं तेज मुलग्याच्या वेळंलाच येतं. हातातल्या बांगड्या जागच्या हलत न्हाईत. पायातली जोडवी परवा साबण लावून काढायला लागली! फक्त कामाला जरा आळसावलीय. रहाटावर कांड्या भरायला बसली की म्हणते डोकं ठणकतंय, एका धाग्याचे दोन धागे दिसतात. आई म्हणते, काम नको म्हणून सोंग. मला हसू आलं. पहिलटकरणीचं कौतुक असतंच की.

तू तेवढं जपून ऱ्हा.

तुझा,
परशराम


निपाणी
१७ मार्च १९३७

परशा,

हे पत्र हातात पडेल त्या घटकेला माग सोड, टांगा आण आणि जयाला बेळगावच्या मोठ्या इस्पितळात लेडी डॉक्टरकडे ने. आधी टांगा आण, मग पुढचं वाच.

तू जे हसत हसत लिहिलंस तेच मी यल्लव्वाच्या अंगावर पाहिलं. ते तेज नव्हे, सूज आहे. मुलगा की मुलगी याच्याशी तिचा काडीचा संबंध नाही. डोकं ठणकणं सोंग नव्हे. एकाचे दोन धागे दिसणं तर मुळीच नव्हे. विणकराच्या घरातली बाई धागा ओळखायला चुकते, आणि तुम्ही मायलेक तिला हसता? उद्या तुझ्याच नजरेला दोन धागे दिसले असते तर तू माग थांबवून वैद्याकडे पळाला असतास. तिचं दुखणं तेवढं कौतुक!

सोबत एक चिठ्ठी ठेवली आहे, वर आजची तारीख आहे. ती लेडी डॉक्टरच्याच हातात दे. लक्षणं सगळी मी लिहिली आहेत. तिथं ते तिच्या दंडाला पट्टा बांधून रक्ताचा दाब बघतील, लघवी तापवून बघतील. ठेवून घेतो म्हणाले तर ठेव. घरी बाळंतपण करायचा हट्ट आईनं धरला तर माझं नाव सांग आणि भांडण माझ्यावर ढकल.

नेईपर्यंत तिला मीठ देऊ नका, रहाटावर बसवू नका, अंधाऱ्या खोलीत कुशीवर निजू द्या. आणि तिला हे पत्र वाचून दाखव. अंग तिचं आहे, तिला कळायला हवं.

माझ्या तक्रारीचं राहू दे. त्याबद्दल तू जे लिहिलंस त्याला नंतर उत्तर देईन. उलट टपालानं कळव. कळवलं नाहीस तर मी मोटार धरून येते.

आक्का


[पोस्टकार्ड]

शहापूर
२३ मार्च १९३७

ती. आक्कास नमस्कार. पत्र मिळालं. जयाला नेऊन दाखवून आणलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या काळजीचं कारण न्हाई, औषध दिलंय. तू धावत येऊ नकोस, तुझं तिकडचं तक्रारीचं सांभाळ. शिमगा तीन दिवसांवर आला, आईची पुरणाची तयारी चाललीय. जया निजलीय. परशराम.


निपाणी
२५ मार्च १९३७

चि. परशरामास आशीर्वाद.

तुझं कार्ड तीनदा वाचलं. काल मोटारीला जायचं म्हणून पिशवी भरून ठेवली होती, ती रिकामी केली. तुला फार टोचून लिहिलं, मनावर घेऊ नकोस. तू नेलंस, यातच सगळं आलं.

तरी थोडं सविस्तर लिही. दाब बघितला का? लघवी तापवल्यावर दह्यासारखी फुटली का? औषध कोणतं दिलं, बाटलीवर नाव असेल ते उतरवून पाठव. पुन्हा कधी बोलावलंय? डोकं दुखायचं थांबलं का? काळजीचं कारण नाही, असं इतक्या सुजेवर कुणी म्हणेल याचं मला जरा नवल वाटतं. पण त्या मोठ्या शिकलेल्या, त्यांनी डोळ्यांनी बघितलंय.

इथं शनिवारी चौकशी आहे. काल कंपाउंडर माझ्या खोलीवर आला, हातात लिहून आणलेला माफीचा कागद. 'कामाच्या गडबडीत वेळ चुकीची नोंदली गेली, तरी क्षमा असावी.' खाली माझ्या सहीला जागा सोडलेली. म्हणाला, "बाई, सही करा आणि विसरा. मष्णूसुद्धा विसरलाय." मी त्याला विचारलं, "मष्णूला विचारून आलात का?" आणि कागद परत दिला.

चौकशी संपली की बाळंतपणाला मी येतेच. जयाला सांग, मी आहे.

तुझी,
आक्का


शहापूर
३ एप्रिल १९३७

आक्का,

जया जित्ती हाय. हे आधी लिहितो, म्हणजे तुला पुढचं वाचवंल. मूल गेलं. मुलगी होती.

मंगळवारी, तीस तारखेला, सकाळी न्याहारीच्या वक्ताला जया चुलीपाशी बसल्या जागी कोसळली. दातखीळ बसली, हातपाय झटकायला लागली. आई म्हणाली, लागीर झालंय, लिंबू आणा. मला काय ऐकू येईना. तू लिहिलेली ती यल्लव्वा माझ्याच घरात पडलीय असं दिसत होतं. पळत जाऊन टांगा आणला. वाटंत आणखी दोन झटके आले. इस्पितळात कुणी काय विचारलं न्हाई, उचलून आत नेलं.

थोड्या वेळानं डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. म्हणाल्या, "सूज कधीपासून आहे?"

मी म्हटलं, "कालपासून."

"एवढी सूज एका दिवसात येत नाही. खरं सांगा, मला उपचार ठरवायचे आहेत."

तवा मी खिशातनं तुझी चिठ्ठी काढून दिली. त्यांनी वरची तारीख वाचली. सतरा मार्च. माझ्याकडं एकदा बघितलं आणि आत गेल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

संध्याकाळी मूल झालं. रडलंच न्हाई. जयाला दोन दिवस डोळ्यांनी दिसत नव्हतं. आता दिसतंय. सूज उतरतीय. वाचंल म्हणतात.

आता तुला कळलंच असंल. ते कार्ड खोटं होतं. मी तिला नेलंच नव्हतं. तुझं पत्र एकोणीस तारखेला, शुक्रवारीच आलतं. वाचून मी टांगा आणायला उठलोही होतो. आई आडवी आली. म्हणाली, "इस्पितळात नेलेली गर्भारीण घरला येत न्हाई. आणि मनीचं काय ऐकतोस? मेलेल्या बाळंतिणी हाताळणारी ती, तिला जिकडंतिकडं मरणच दिसणार. तिचं पाऊल आत्ता घरात नको." आक्का, हे तुला लिहिताना मला लाज वाटते, पण मला बी तसंच वाटलं. वाटलं, एक बाई मेली म्हणून आक्का घाबरलीय. वाटलं, शिमगा होऊ दे मग बघू. तू येशील आणि घरात तंटा होईल म्हणून कार्ड टाकलं. पत्र मागाच्या खड्ड्यात फळीखाली ठेवलं. चिठ्ठी तेवढी खिशात ऱ्हायली, का ते मला बी सांगता येत न्हाई.

आता एक मागणं हाय. जयाला तुझ्या पत्राचं म्हाईत न्हाई. ती सारखी विचारते, "आधी कळलं असतं तर वाचली असती का हो?" मी म्हणतो, कुणाला कळणार हुतं. डॉक्टरीणबाई तिला काय बोलल्या न्हाईत. तू पण तिला लिहू नकोस. कधी विषय निघालाच तर पत्र एकोणतीसला पोचलं म्हण. टपालात घोटाळा झाला म्हण. मेलेलं परत येत न्हाई, आक्का. निदान आमचा संसार तरी ऱ्हाऊ दे. भावासाठी एवढं कर.

परशराम


निपाणी
६ एप्रिल १९३७

परशराम,

आशीर्वाद लिहायला हात उठत नाही, म्हणून तसंच लिहिते.

तुझं पत्र आलं त्याच्या आदल्या आठवड्यात चौकशी झाली. ते आधी ऐक. वखारीतल्या सात जणी साक्षीला येणार होत्या. आदल्या दिवशी मुकादमानं सांगितलं, जी जाईल तिनं वखारीत पुन्हा पाय ठेवायचा नाही. एकटी बाळाबाई आली. एका पंचानं तिला हसून विचारलं, "तुला घड्याळ कळतं का गं?" ती म्हणाली, "घड्याळ न्हाई कळत. वखारीची बाराची घंटा झाली तवा ती पडली. ती गेल्यावर शाळेची तीनची घंटा झाली. मधला सगळा वेळ मी ओसरीवर काढलाय. तो किती, ते तुम्ही शिकलेल्यांनी मोजा."

कुणी मोजलं नाही. डॉक्टरांचा दोष नाही असं ठरलं. माझी नोंद अविश्वसनीय ठरली आणि उद्धटपणाबद्दल मला कामावरून कमी केलं. मी रजिस्टरच्या त्या पानाची नक्कल करून, खाली बाळाबाईचा अंगठा घेऊन, वरच्या अधिकाऱ्यांकडे पाठवली आहे. त्यांचं उत्तर येईल न येईल. खोडलं मात्र नाही.

आणि आता तू, माझा सख्खा भाऊ, मला सांगतोस की एकोणीसचे एकोणतीस कर.

डॉक्टरांना बाराचे तीन करून हवे होते, तुला दहा दिवस पुसून हवेत. त्यांच्या आड पंगत आली, तुझ्या आड शिमगा आला. 'मेलेली परत येत नाही' हे वाक्य त्यांच्याही तोंडी होतं, तुझ्याही दोन पत्रांत आहे. मेलेली परत येत नाही हे मला कुणी शिकवायला नको. म्हणून तर ती जिवंत असताना धावायचं असतं! यल्लव्वाच्या दाराशी कुलूप होतं, किल्ली दुसऱ्याच्या खिशात होती. तुझ्या दाराशी काय होतं? तुझ्या हातात पत्र होतं, चिठ्ठी होती, रस्त्यावर टांगा होता. अकरा दिवस होते.

आईचं बोलणं तू लिहिलंस. ते मी कुठंतरी ठेवीन, आज त्याच्याकडे बघायला सवड नाही. आईला भीती वाटली, ती न शिकलेली आहे. तू तिच्या पदराआड का लपलास?

माझाही दोष आहे आणि तो मी तुझ्यावर टाकत नाही. तुझ्या कार्डात दाबाचं, लघवीचं काहीच नव्हतं, तेव्हाच मी मोटार धरायला हवी होती. शनिवारची चौकशी मला सोडवेना. तुझं कार्ड खरं असावं असं मला वाटलं, कारण ते माझ्या सोयीचं होतं. हे मी जयाला सांगणार आहे.

तिला सगळं कळलं पाहिजे. ती रोज स्वतःला विचारत असेल, माझंच काही चुकलं का, मी काही उचललं का, काही खाल्लं का. तिनं तर तुम्हाला वेळेत सांगितलं होतं! डोकं दुखतंय म्हणाली, दोन धागे दिसतात म्हणाली. तिच्या वाट्याचं तिनं केलं होतं. एवढं कळण्याचा तिचा हक्क तू मारू नकोस.

ती उठून बसती झाली, ताप नाही, नीट जेवते, असं दिसलं की तू स्वतः सांग. पत्र तिच्या हातात दे. वीस तारखेपर्यंत वाट बघते. त्यानंतर मी लिहीन, आणि तारीख खरी लिहीन.

मी शहापूरला येत नाही. बाळाबाईच्या गल्लीत एक खोली घेतली आहे. तिलाही वखारीतनं काढलं. दोन दिवसांत तिघी गर्भारणी दाखवून गेल्या. तिघींचे पाय मी दाबून बघितले.

मनुबाई


शहापूर
३० एप्रिल १९३७

आक्कांना जयाचा नमस्कार.

मी तिसरी शिकले आहे पण पत्र हे पहिलंच. चुकलं तर सांभाळून घ्या.

ह्यांनी मला अठरा तारखेला सांगितलं. दुपारची मी रहाटापाशी नुसती बसले होते. माग थांबला, हे वर आले आणि तुमचं पत्र माझ्या पुढ्यात ठेवलं. म्हणाले, वाच. मी म्हटलं, तुम्ही वाचा. मला तुमच्या तोंडून ऐकायचंय. त्यांनी वाचलं. 'तिला हे पत्र वाचून दाखव, अंग तिचं आहे' इथं ते थांबले. मी म्हटलं, पुढं वाचा. सगळं वाचून झाल्यावर मी आत्यांना, तुमच्या आईंना, बोलावलं, बसा म्हटलं, आणि ह्यांना पहिल्यापासून परत वाचायला लावलं. आत्या उठून जाऊ लागल्या तर मी त्यांचा हात धरला. मी त्यांचा हात कधी धरला नव्हता.

तुम्ही स्वतःला दोष लावलात ते ह्यांनी सांगितलं. तुमचं तुम्ही बघा, आक्का, मला त्यात काय बोलायचं न्हाई. मी एवढंच म्हटलं, अकरा दिवस माझी पोरगी जित्ती होती. पोटात फिरत होती. शिमग्याच्या दिवशी मी पोळ्या लाटत होते तवा ती हलत होती, आणि पत्र खाली खड्ड्यात होतं.

दोन दिवस मी बोलले न्हाई. आता बोलते, कामापुरतं. पुढचं मला म्हाईत न्हाई. हे रडतात. त्यांचं रडणं थांबवायचं काम मी अंगावर घेतलेलं न्हाई.

आता खरं ज्यासाठी लिहिते ते. काल वडगावचे भावकू मामा सूत न्यायला आले होते. बोलता बोलता म्हणाले, सुनेला सातवा हाय, लई भरलीय, पायात चप्पल जात न्हाई. आत्या माझ्याकडं बघायला लागल्या. त्यांच्या हातातला तांब्या खाली पडला. मी ह्यांना म्हटलं, टांगा आणा. हे म्हणाले, तू महिन्याची ओली बाळंतीण, उंबरा कशी ओलांडणार? मी म्हटलं, बाळ कुठं हाय? टांगा आणा. ह्यांनी आणला.

वडगावात तिच्या सासूनं दारात अडवलं. म्हणाली, "तू कोण गं आमच्या सुनेला न्यायला आलेली? तुझं पोर मेलं म्हणून आमच्या घरात अशुभ घेऊन आलीस व्हय?"

मी म्हटलं, "माझं मेलं म्हणूनच आलेय. तुमचं अजून जित्तं हाय."

भोवती बायका जमल्या. आत सून उभी होती. तोंड सुजलेलं, डोळे बारीक झालेले. मी तिलाच विचारलं, डोकं दुखतं? व्हय म्हणाली. डोळ्यापुढं काय दिसतं? म्हणाली, "काजवे. मी सांगितलं तर कुणी ऐकत न्हाई." मी तिचा हात धरला आणि टांग्यात बसवलं. सासू ओरडतच ऱ्हायली. भावकू मामा चप्पल न घालता मागनं पळत आले.

आक्का, आज सकाळपासनं मी इस्पितळाच्या पायरीवर बसून हे लिहितेय. तिला ठेवून घेतलंय. कोपऱ्यातली अंधारी खोली दिलीय. दंडाला पट्टा बांधला, लघवी तापवली, तुम्ही लिहिलेलं तसं सगळं केलं. आकडी आलेली न्हाई. पोटातलं हलतंय. पुढं काय होईल ते आत्ता कुणी सांगत न्हाई.

डॉक्टरीणबाई मघाशी बाहेर आल्या. मला ओळखलं. म्हणाल्या, "वेळेत आणलंत."

मला वाटलं होतं हे ऐकून बरं वाटंल. पण मला राग आला, आक्का. वडगावास्नं इथपर्यंत किती वेळ लागला ते मी येताना मनात मोजत होते. घोडा म्हातारा होता, चढाला दोनदा थांबला, तरी अर्धा तास लागला.

एक टांगा आणि अर्धा तास. एवढंच होतं व्हय?

जया